दूधआईचं सुतक धरायचं का?

खानापूरची_लेक · रविवार, रात्री ९.४०

मंडळी, प्रश्न घरचाच आहे, पण चार दिवस आमच्याकडे यावरून कुणी धड जेवलेलं नाही, म्हणून इथे टाकते.

बुधवारी बाबांची दूधआई गेली. नव्वदी कधीच ओलांडली होती. जांबोटीच्या अलीकडे आमचं गाव, त्याच्या वरच्या अंगाला धनगरवाडा, तिथली ती. बाबा १९५२ सालचे. (तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो, हे बाबा जन्मसाल सांगताना न चुकता जोडतात.) ते आठ दिवसांचे असताना आज्जीला विषमज्वर झाला आणि दूध आटलं. डब्याचं दूध गावात कुणी बघितलेलंही नव्हतं. आजोबा पावसातून धनगरवाड्यावर गेले. तिथे एक दीड महिन्याची बाळंतीण होती, तिला घेऊनच खाली आले. पहिले तीन महिने ती आमच्या माजघरात राहिली, पुढे वर्षभर सकाळ-संध्याकाळ येऊन पाजून जायची. बाबा तिला 'दूधआय' म्हणायचे, म्हणून आम्हीही. दर सुगीला एक पोतं भात आणि दिवाळीला लुगडं तिच्याकडे जायचं. आजोबांमागे बाबांनी ते चालू ठेवलं.

आता बाबा म्हणतात, मी केस देणार आणि दहा दिवस सुतक धरणार. भटजी म्हणाले, गोत्र वेगळं, सुतक लागत नाही. काकांचं दुखणं निराळंच. 'धनगराच्या म्हातारीसाठी मुंडन' हे भावकीत कसं दिसेल याची त्यांना काळजी. बाबा एवढंच बोलले, "आरं, माझी हाडं कुणाच्या दुधाची हाईत?" आणि उठून परड्यात गेले.

त्यात त्याच आठवड्यात माझी वहिनी बेळगावात बाळंत झाली. बत्तिसाव्या आठवड्यात. बाळ एक किलो सहाशे ग्रॅम, काचेच्या पेटीत. वहिनीला दूध थेंबभर येतं. पावडरच्या दुधासाठी सही मागितली तेव्हा बाबा सिस्टरना म्हणाले, "ह्या वार्डात एवढ्या बाळंतिणी हाईत, एखादीला इचारा की." सिस्टर त्यांच्याकडे अशा बघत राहिल्या, जणू बाबांनी पेटीजवळ बिडी पेटवली होती.

तर दोन प्रश्न. दूधआईचं सुतक तुमच्याकडे कुणी धरलंय का? आणि ही रीत केव्हा बंद झाली, का झाली?

अवांतर: घरात पितळेचं एक जुनं बोंडलं (बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी) आहे. बाबांचं असणार असं सगळे म्हणतात. त्याच्या बुडावर 'गं' एवढंच कोरलंय. आमच्या घरात तीन पिढ्यांत गं वरून कुणी नाही. जुन्या भांड्यांतलं कळणारं कुणी आहे का इथे?

शहापूरचा_माग · रविवार, रात्री १०.१५

धागा वाचून आईला विचारलं. ती हसली. म्हणाली, दूधआई कसली डोंबलाची, रडणारं पोर जिच्या हाताशी असेल तिनं उचलायचं. आमच्या शहापुरातल्या घरात तेव्हा चार जावा आणि आज्जी. आज्जीचं शेंडेफळ आणि माझी थोरली बहीण यांच्यात एक महिन्याचं अंतर. सासू-सून एकाच वेळी बाळंतिणी, यात कुणाला लाजबीज नव्हती. एक मागावर बसली की दुसरी दोन्ही पोरांना घ्यायची. माझा धाकटा काका अर्धा माझ्या आईच्या दुधावर वाढलाय, आणि वाटणीचं भांडण निघालं की आई ते अजून बाहेर काढते.

का बंद झालं म्हणता, तर एका घरात एका वेळी दोन अंगावर पाजणाऱ्या बायका राहिल्या नाहीत म्हणून. माझ्याकडे आता एक सून, एक नातू. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण बाळंत झालंय ते बारशाचा बॅनर लागला की कळतं.

बोंडल्याचं म्हणाल तर, नाव घालतात ते लग्नातल्या भांड्यांवर, देणाऱ्याचं. बोंडल्यावर मी बघितलेलं नाही. पण एवढ्याशा भांड्यावर कुणी अक्षर कोरून घेतलं असेल, तर ते ज्याच्या तोंडाला लावायचं त्याचंच असणार.

वॉर्डातली_सिस्टर · रविवार, रात्री ११.०५

नाईट ड्यूटी आहे, तुकड्या-तुकड्यात लिहिते.

सुतकाचं मला कळत नाही. पण त्या सिस्टरच्या जागी मी असते तर मीही तसंच बघितलं असतं. बाबांचा राग येऊन नाही. आम्हाला शिकवलंय की दुसऱ्या बाईचं दूध तपासल्याशिवाय बाळाच्या तोंडात जाता कामा नये, आणि वॉर्डात तसं झालं तर जबाबदारी आमच्यावर येते. एचआयव्ही दुधातून जातो हे १९८५ च्या सुमारास कळलं. आपला जिल्हा तर बरीच वर्षं कर्नाटकातल्या जास्त लागणीच्या जिल्ह्यांत धरला जायचा. माझ्या आधीच्या सिस्टर सांगायच्या, त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला शेजारच्या खाटेवरची बाळंतीण सहज दुसऱ्याचं बाळ पाजायची, कुणी हटकत नव्हतं. नंतर ते एकदम थांबलं. आणखी एक, हा धोका एकाच बाजूने नसतो. बाळाला काही असेल तर ते पाजणारीलाही लागू शकतं. पूर्वी युरोपात उपदंश (सिफिलिस) असाच दूध पाजणाऱ्या दायांना लागायचा.

तरी बाबांचं म्हणणं वेडगळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या धोरणात, आईला स्वतः पाजता येत नसेल तर काय, याच्या यादीत आईचंच काढलेलं दूध, निरोगी दूधआईचं किंवा दूधपेढीचं दूध, आणि मग पावडर असं लिहिलेलं आहे. दूधआई कागदावर अजून आहे. वॉर्डातून गेली.

आता तुमच्या बाळाचं. बत्तीस आठवड्यांच्या बाळाला चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्हींचा मेळ जमत नाही. तो साधारण चौतिसाव्या आठवड्याला जमायला लागतो. म्हणजे आत्ता दूध कुणाचंही असो, ते नळीने नाहीतर वाटी-पळीनेच जाणार. तुमची ती दूधआय आज जिवंत असती तरी तिला वाटीतच काढून द्यावं लागलं असतं.

वहिनीला सांगा, थेंब म्हणजे कमी नाही. पहिल्या दिवसांत बाळाला एका वेळी दोन-तीन मिली पुरतं, आणि तो चीक आहे, तो टाकू नका. दर दोन-तीन तासांनी हाताने काढायचं, रात्री सुद्धा. रात्रीचं चुकवलं की दूध मागे पडतं. डॉक्टरांनी परवानगी दिली की बाळाला उघड्या छातीवर धरून बसायचं, त्याला आम्ही कांगारू म्हणतो. त्याने दूध वाढतं, हे मी रोज बघते. बाळाजवळ बसल्याबसल्या पान्हा फुटतो आणि खाली कँटीनमध्ये गेलं की थांबतो.

बेल वाजली. दूधपेढीचं नंतर.

गोठा_आणि_गोडवा · सोमवार, सकाळी ६.२०

एवढा गोंधळ कशाला? देशी गाईचं दूध, निम्मं पाणी घालून, उकळून, वर चिमूटभर सुंठ. आमच्या सात पिढ्या यावर वाढल्या. हे दूधबँक वगैरे कंपन्यांचे धंदे आहेत.

वॉर्डातली_सिस्टर · सोमवार, सकाळी ७.४५

ड्यूटी संपली, चहा घेत उत्तर देते. गोठावाले दादा, सात पिढ्यांत जी वाढली ती तेवढी तुम्हाला दिसतात. जी वाढली नाहीत त्यांची नावं कुणी ठेवलेलीच नसतात.

गाईच्या दुधात वासरासाठी लागतात तेवढी प्रथिनं आणि क्षार असतात. मोठ्या होणाऱ्या बाळाची किडनी ते झेलते, सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ते जड जातात. पाणी घातलं की क्षार कमी होतात, पण पोषणही निम्म्यावर येतं. लोह तर मुळातच कमी, आणि लहान बाळाच्या आतड्यातून गाईच्या दुधामुळे थोडं थोडं रक्त जातं, डोळ्यांना न दिसणारं. म्हैस त्याहून घट्ट. शेळीच्या दुधात फोलेट (रक्तासाठी लागणारं जीवनसत्त्व) अगदी कमी, नुसत्या त्यावर ठेवलं तर बाळ पांढरं पडतं. मधाचं बोट नको, घुटी नको, सहा महिने पाणी सुद्धा नको. सुंठही नको.

आणि दूधपेढी धंदा नाही. आशियातली पहिली दूधपेढी मुंबईत शीव रुग्णालयात १९८९ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी केली, म्हणजे महापालिकेच्या दवाखान्यात. पुण्यात ससूनला 'यशोदा' आहे, बेंगळुरूला वाणीविलास रुग्णालयात 'अमृतधारे'. जिचं बाळ पोटभर पिऊन वर दूध उरतं ती बाई देते. तिची एचआयव्ही, कावीळ-बी, उपदंश अशी रक्ततपासणी होते. दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास ठेवतात, जंतूंसाठी तपासतात, उणे २० ला गोठवतात. पैसे घ्यायचे नाहीत, द्यायचे नाहीत. २०२४ च्या मे महिन्यात केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने आईच्या दुधाची विक्री करता येणार नाही असं स्पष्ट बजावलंय. पेढीतलं दूध पहिल्यांदा अशाच पेटीतल्या बाळांना जातं, कारण एवढ्या लहान आतड्यांना पावडरचं दूध कधी कधी सोसत नाही, आतडी सुजतात, सडतात. ते बघितलेला माणूस पावडरवर सही सहज मागत नाही.

माझ्या वॉर्डात पेढी नाही. पण लेकीने तिथे विचारून बघावं. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, गर्दीच तेवढी असते.

येळ्ळूरचा_वाघ · सोमवार, सकाळी १०.३०

विचारल्यावर तरी कुठल्या भाषेत सांगतात? तायी कार्ड (बाळंतिणीचं सरकारी कार्ड) कन्नडात, सहीचा कागद इंग्रजीत. आमची खेड्यातली मराठी बाई काय समजून सही करणार?

खानापूरची_लेक · सोमवार, दुपारी १.१०

वाघोबा, तक्रार खरी आहे, वहिनीचं कार्ड मलाच वाचून दाखवावं लागलं. पण आज सकाळी वहिनीला दूध काढायला शिकवलं ते एका कन्नड आयाने. तिला मराठी येत नाही, वहिनीला कन्नड येत नाही. तिने वहिनीच्या पाठीवरून हात फिरवला, "अळब्याड, हाल बर्तैती" (रडू नको, दूध येईल) म्हणाली, आणि बोटं कुठे ठेवायची ते दाखवलं. पाच मिली निघालं. वहिनीने त्या वाटीचा फोटो काढून मला पाठवलाय.

धागा_संयोजक · सोमवार, दुपारी १.४०

सीमाप्रश्नावरचे पुढचे प्रतिसाद त्या धाग्यावर हलवले आहेत. इथे बाळच राहू द्या.

दर्गा_गल्ली · सोमवार, सायंकाळी ६.००

निपाणीहून लिहितोय. लेकीताई, सुतक आमच्यात नाही, पण दुधाचं नातं तुमच्यापेक्षा आमच्याकडे कडक. एका बाईचं दूध प्यालेली दोन पोरं सख्खी भावंडं धरली जातात, त्यांचं लग्न होत नाही. दूध-बहीणभाऊ. पहिल्या दोन वर्षांत प्यायलेलं असलं पाहिजे. आम्ही हनफी परंपरेतले, आमच्यात एकदा जरी पोटात गेलं तरी नातं झालं. कोकणपट्टीतले शाफई पाच वेळा म्हणतात.

माझ्या चुलत बहिणीचं लग्न सुपारीपर्यंत आलं होतं. नवरा मुलगा लांबच्या नात्यातलाच. तेवढ्यात एक नव्वद वर्षांची खाला खाटेवरून उठून बसली आणि म्हणाली, ही पोरगी चाळीस दिवसांची असताना हिची आई तापाने पडली होती, तेव्हा ह्या पोराच्या आईने हिला पाजलंय. संपलं. दोन्ही घरांनी पाहुण्यांना जेवू घातलं आणि निरोप दिला. मुलगा नंतर बहिणीच्या लग्नात भावासारखा राबला, मांडवापासून पंक्तीपर्यंत.

म्हणून दूधपेढीचं ऐकलं की आमच्या घरातल्या बायका पहिला प्रश्न हाच विचारतात. दूध कुणाचं? बाटलीत तर पाच जणींचं एकत्र असतं. माझ्या भाचीच्या वेळी हे आलं. मौलानांना विचारलं, डॉक्टरांना विचारलं, रात्र निघून गेली. शेवटी माझ्या बहिणीचंच दूध उतरलं म्हणून सुटलो. नसतं उतरलं तर काय केलं असतं? मी सही केली असती. बायको म्हणते, तिने केली नसती. दोघं एकाच घरात राहतो.

आमच्याकडे ती खाला होती म्हणून कळलं. पेढीला खाला कुठून आणायची?

वाड्यातलं_दप्तर · सोमवार, रात्री ९.३०

सुंदर प्रतिसाद, दर्गा गल्ली.

आपल्याकडे दूधआई म्हटलं की धाराऊ. संभाजीराजे १४ मे १६५७ ला पुरंदरावर जन्मले, सईबाई आजारी, म्हणून कापूरहोळच्या गाडे घराण्यातल्या धाराऊंना आणलं. त्यांची मुलं अंतोजी आणि रायाजी पुढे राजांच्या पदरी होती. दूधभाऊ म्हणजे विश्वासाचा माणूस हे त्या काळचं गणित. बेळगावात धर्मवीर संभाजी चौकात रोज हजार माणसं जातात, धाराऊ त्यातल्या किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

पण ही रीत प्रेमाचीच होती असं कुणी समजू नये. इंग्रजांच्या छावण्यांत साहेबांच्या घरी एतद्देशीय दाया पगारावर असत, आणि त्यांच्याबद्दल मडमांच्या तक्रारी पानंच्या पानं आहेत. आपले जुने ग्रंथही घोडा पारखावा तशी दाई पारखतात. चरकाने धात्री कशी असावी ते सांगितलंय: समान वर्णाची, निरोगी, तरुण, जिचं मूल जिवंत आहे अशी. दुधाची परीक्षा पाण्यात टाकून करायची, एकजीव झालं तर चांगलं. अष्टांगहृदयात दूध नसेल तर शेळीचं किंवा गाईचं द्या म्हटलंय, म्हणजे वरच्या दुधाचा पर्याय आजचा नाही.

डब्याबद्दल थोडं. नेस्लेचं पीठ १८६७ चं, पण आपल्याकडे सामान्य घरात डबा शिरला तो स्वातंत्र्यानंतर. आपल्या म्हैसूरच्या अन्न संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून बाळाची पावडर करायची कृती बसवली, ती आणंदच्या अमूलने उचलली. आमच्या लहानपणी गुटगुटीत पोराला 'ग्लॅक्सो बेबी' म्हणायचे, रिकाम्या डब्यात आज्जी जिरं ठेवायची. दूधआईला रजा दिली ती त्या डब्याने.

मधल्या_आळीतली · सोमवार, रात्री १०.१०

एक विचारू? धाराऊ झाली, चरक झाला, सुगीचं पोतं झालं. चरकाने दाईचं मूल जिवंत हवं म्हटलं. पुढे ते जिवंत राहावं म्हणून त्याला कुणी काय पाजायचं, ते कुठे लिहिलंय का?

लेकी, तुझ्या आजोबांनी दीड महिन्याच्या बाळंतिणीला घेऊन आणलं. तीन महिने ती तुमच्या माजघरात राहिली. तिचं बाळ कुठे होतं?

खानापूरची_लेक · सोमवार, रात्री ११.५५

दोन तास झाले, तुमचा प्रश्न उघडा ठेवून बसलेय. माहीत नाही. आमच्याकडे ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकलीय, त्यात ते बाळ कधीच आलेलं नाही. बाबांना एक दूधबहीण आहे हे ठाऊक होतं, रक्षाबंधनाला बाबा वर जातात. म्हणजे ती तीच. पण ती तेव्हा काय खात-पीत होती, हे मी विचारलंच नाही कधी.

टिळकवाडी_एक्स्प्रेस · मंगळवार, सकाळी ११.२०

मी डब्याच्या बाजूने बोलायला आलेय, कारण इथे तो खलनायक होत चाललाय.

माझी नोकरी एका खासगी कंपनीत, कंत्राटावर. कायद्यात २०१७ पासून सव्वीस आठवडे पगारी रजा आहे, पन्नास माणसं असतील तिथे पाळणाघर हवं. मला मिळाले सहा आठवडे, तेही बिनपगारी. ऑफिसात दूध काढायला जागा म्हणजे संडास. तीन आठवडे तिथे उभी राहून काढलं, एकदा बाहेरून कुणीतरी दार वाजवलं आणि पूर्ण वाटी सांडली. त्या दिवशी घरी येताना डबा घेतला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसता अळिवाचा लाडू पुढे ठेवला. रोज ठेवत होत्या. दूध वाढलं नाही, माझं वजन सात किलोंनी वाढलं.

माझं पोर डब्यावर वाढलंय आणि छान आहे. पण डबा घेणाऱ्यांनी हिशोब नीट करावा, कारण फसगत तिथेच होते. बाळाला दिवसाला किलोमागे साधारण १५० मिली लागतं. तीन किलोच्या बाळाला ४५० मिली. माझ्या डब्यावर ३० मिली पाण्याला एक सपाट चमचा होता, म्हणजे पंधरा चमचे, पासष्ट-सत्तर ग्रॅम. चारशेचा डबा सहा दिवसांत खल्लास. बाळ पाच किलोंचं झालं की चार दिवसही पुरत नाही. आमच्या कामवाल्या मावशींची सून एक डबा पंधरा दिवस पुरवत होती. कसा, ते सांगायला नको. पोर रडत नव्हतं म्हणून त्यांना वाटलं शहाणं आहे. त्याच्यात रडायची ताकद नव्हती. मी अंगणवाडीच्या ताईंना बोलावलं, वजन केलं, तेव्हा कळलं.

आणि हो, १९९२ चा कायदा आहे, डब्याची जाहिरात करायची नाही, डब्यावर गुटगुटीत बाळाचं चित्र छापायचं नाही. छापत नाहीत. पण माझ्या डिस्चार्जच्या कागदाला पिन लावून चिठ्ठी होती, त्यावर ब्रँडचं नाव. ते मी मागितलं नव्हतं.

आज जर कुणी तपासलेली, ओळखीची बाई म्हणाली असती की दुपारी तुझ्या पोराला मी पाजते, तर मी तिला भाताचं पोतं नाही, अर्धा पगार दिला असता. पण मग मधल्या आळीचा प्रश्न माझ्यावर आला असता, हेही खरं.

चंदगडचा_पाव्हणा · मंगळवार, दुपारी ३.००

आमच्याकडे शिनोळीजवळ एका आज्जीला पान्हा फुटलेला. लेक बाळंतपणात गेली, नातू रडायचा म्हणून आज्जीनं नुसतं उगी करायला छातीला लावला. पंधरा दिवसांत दूध. लोक देवीचा कौल म्हणायचे. खरं असतं काय असं?

वॉर्डातली_सिस्टर · मंगळवार, सायंकाळी ७.३०

असतं. बाळ सतत ओढत राहिलं की मेंदूकडून दूध करणारं संप्रेरक सुटतं, पूर्वी पाजलेल्या बाईला तर ते पुन्हा जमतं. आम्ही मुद्दामही करतो. छातीजवळ बारीक नळी लावायची, तिचं टोक वाटीतल्या दुधात. बाळ ओढतं तेव्हा पोटात वाटीतलं जातं आणि छातीला निरोप जातो. वेळ लागतो, पूर्ण पोटभर येईलच असं नाही. दत्तक घेतलेल्या आयाही करतात. देवीचं म्हणाल तर तिला मी नाही म्हणणार नाही, पण त्या आज्जीने पंधरा दिवस धीर सोडला नाही, ते मोठं.

टिळकवाडी, तुमचा हिशोब बरोबर. एकच जोडते: बाटली नको, वाटी-चमचा किंवा पळी वापरा. बाटलीच्या निपलमध्ये जे साठतं ते उकळूनही धड निघत नाही. आम्ही वॉर्डात चोचीची छोटी वाटी वापरतो, पालाडाई म्हणतात, कन्नड बायका ओळ्ळे म्हणतात. बोंडल्याचीच बहीण. फक्त स्टीलची, आणि आत हात घालून घासता येईल अशी उघडी. जुन्या पितळी बोंडल्याची चोच आतून साफ होत नाही, कल्हई गेलेली असते. ते कपाटात शोभतं, तिथेच राहू द्या.

खानापूरची_लेक · पुढचा शुक्रवार, रात्री ८.१५

बाबांनी केस दिले. घरात इतर कुणी सुतक धरलं नाही, त्यांनी एकट्याने धरलं. त्यामुळे नातवाला बघायला दवाखान्यात जाता येईना. तरी रोज वहिनीचा डबा घेऊन बेळगावपर्यंत यायचे आणि फाटकाबाहेर कडुनिंबाखाली बसायचे. वर जाऊन आलो की विचारायचे, "किती?" वजन नव्हे, दूध. "आज साठ मिली" म्हटल्यावर स्वतःच्या पंच्याने तोंड पुसलं. आता पावडर बंद झालीय, बाळाला सगळं वहिनीचंच जातं. पेढीची सोय या दवाखान्यात नाही, पण विचारल्यावर डॉक्टर चिडले नाहीत, उलट बसून बोलले.

सोमवारी तेरावं झालं. बाबांबरोबर मी वर धनगरवाड्यावर जाऊन आले. बोंडलं पिशवीत घेतलं होतं.

दूधआत्या बहात्तरची, बाबांच्या खांद्याच्याही खाली. मी धीर करून विचारलंच, आत्या, तुमची आई आमच्याकडे होती तेव्हा तुम्हाला काय पाजायचे? ती म्हणाली, "शेरडीचं. आज्जी पाजायची माजी. लई आजारी असायची म्हनं मी, पांढरीफटक." मग बाबांकडे बघून हसली. "माज्या वाटचं ह्येनं प्यालं, म्हनून ह्यो एवढा ताड आनि मी अशी." बाबा हसले नाहीत. जमिनीकडे बघत होते.

मी बोंडलं काढून दिलं. तिने ते उलटं केलं आणि अंगठा थेट त्या अक्षरावर ठेवला, बघावं लागलं नाही. तिचं नाव गं वरून आहे. आम्ही तिला आत्याच म्हणतो, त्यामुळे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. म्हणाली, "तुज्या आज्ज्यानं बेळगावास्नं करून आनलेलं, माजं नाव घालून. पाठच्या दोघांस्नी बी ह्येच झालं. मग आय म्हनली, काम झालं, दुसऱ्याचं पितळ घरात कशाला, देऊन ये जा. मीच आनून दिल्तं तुमच्या परड्यात. सात-आठ वर्षांची आसंन. तवा ह्येची चोच सरळ हुती."

मी म्हटलं, तुमचंच आहे, ठेवा. तिने पदराने पुसलं आणि परत माझ्या पिशवीत घातलं. "माज्या घरात आता पाजायचं कोन हाय? तुमच्यात बाळ हाय."

शहापूरचा_माग, तुमचं बरोबर निघालं. सिस्टर, काळजी नको, कपाटातच ठेवलंय. बाळ आज एक किलो सातशे चाळीस.